गुण आला नाही, हा दोष कोणाचा?

आपल्या धर्मग्रामात एखाद्याला मधुमेह झाला, की सहा महिन्यांत घरातली माणसे निम्मी डॉक्टर होतात. उपाशीपोटी साखर किती, जेवणानंतर किती, गोळी पुरत नसेल तर इन्सुलिन सुरू करावे काय, याची चर्चा रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारातही मोकळेपणाने चालते. गुडघ्याची शस्त्रक्रिया असो वा मोतीबिंदूची, आपण चार ठिकाणी चौकशी करतो, अनुभव विचारतो आणि मगच पाऊल उचलतो. पण त्याच घरातला तरुण मुलगा दोन वर्षे खोलीबाहेर पडत नसेल, किंवा बाळंतपणानंतर लागलेली सुनेची उदासी मूल शाळेत जाऊ लागले तरी हटत नसेल, तर ही सारी चौकसबुद्धी एकाएकी मौन धारण करते. तेथे एकच शब्द पुरेसा ठरतो : समुपदेशन. ‘त्याला कौन्सेलिंगला पाठवा.’ कोणाकडे, कशासाठी, कोणत्या पद्धतीच्या आणि किती काळाच्या, हे कोणी विचारीत नाही. चार-सहा भेटींनंतर माणूस होता तसाच राहिला, की निकाल जाहीर होतो : ‘सगळे करून पाहिले. काही उपयोग नाही.’

या निकालाला येथे हरकत घ्यायची आहे. ‘सगळे करून पाहिले’ हे विधान बहुतेक घरांत खरे नसते. काहीतरी एक करून पाहिलेले असते, आणि ते त्या दुखण्याला योग्य होते की नाही याचा शोध कोणी घेतलेला नसतो. तापावरचे औषध लागू पडले नाही तर आपण औषध बदलतो. मनावरच्या उपचाराचा गुण आला नाही तर आपण माणसालाच बाद करतो. त्याची इच्छाशक्ती कमी, त्याची श्रद्धा कमी, त्याला बरे व्हायचेच नाही, अशी एकामागून एक कलमे त्याच्यावर लावली जातात. वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाशी झुंजणाऱ्या माणसावर याहून मोठा अन्याय क्वचितच होत असेल. आणि तो करणारे परके नसतात, आपणच असतो.

प्रश्न मूठभर घरांचा नाही. बंगळुरूच्या ‘निमहान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्या वेळी प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. म्हणजे जो रुग्ण उपचाराच्या दारापर्यंत जातो तो आधीच अल्पसंख्य असतो. लाज, खर्च, सोयरिकीची भीती आणि शेजाऱ्यांच्या नजरा हे चारही अडथळे ओलांडून तो तेथे गेलेला असतो. त्याला चुकीच्या दारातून रिकाम्या हाताने परतावे लागले, तर दुसरे दार ठोठावण्याचे बळ त्याच्यात उरेलच असे नाही. म्हणून पहिले दार कोणते, आणि ते चुकले तर दुसरे कोणते, याला महत्त्व आहे.

मुळात समुपदेशन हे एका उपचाराचे नाव राहिलेलेच नाही. अनेक भिन्न वस्तूंना आपण हे एकच नाव देऊन टाकले आहे. आप्ताच्या मृत्यूने खचलेल्या माणसाला कोणी शांतपणे ऐकून घेतले, तर काही भेटींत त्याला उभारी येते. तेथे सहृदय श्रोता हाच पुष्कळसा उपचार असतो. परंतु ज्याच्या मनात ‘मी निरुपयोगी आहे’ हा विचार पंधरा वर्षे घर करून बसला आहे, त्याला नुसता श्रोता पुरत नाही. त्याच्यासाठी अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक या अमेरिकन मानसोपचारकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या पद्धती रचल्या, त्यांत विचार कागदावर उतरवून तपासणे, त्यांतील अविवेक ओळखणे आणि घरी करावयाचा अभ्यास ही सारी शिस्त असते. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांच्या परिचयाची केली, तेव्हा ही विद्या आपल्याला परकी आहे असेही म्हणता येत नाही. काही उपचार बालपणापासूनच्या नात्यांच्या खोल तळाशी जातात आणि वर्षे घेतात. काही उपचार सबंध कुटुंबाला एकत्र बसवतात. या सर्वांना एकाच नावाने हाक मारणे म्हणजे चष्मा, प्लास्टर आणि प्रतिजैविक या तिन्हींना ‘दवाखाना’ म्हणण्यासारखे आहे.

पद्धत बदलल्याने खरोखर फरक पडतो काय, अशी शंका कोणी घेईल. दीर्घकाळ रेंगाळलेल्या नैराश्यावर अमेरिकेत झालेला एक अभ्यास या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगा आहे. निरनिराळ्या १२ केंद्रांत ६८१ रुग्णांवर केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. हे सर्व रुग्ण दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ आजारी होते. एका गटाला केवळ औषध, दुसऱ्याला केवळ जुनाट नैराश्यासाठी खास आखलेला मानसोपचार आणि तिसऱ्याला दोन्ही, असे १२ आठवडे देण्यात आले. पहिल्या दोन्ही गटांत प्रत्येकी ४८ टक्के रुग्णांना गुण आला. दोन्ही उपचार एकत्र मिळालेल्यांत हे प्रमाण ७३ टक्के होते. खरी शिकवण त्यापुढची आहे. ज्यांना औषधाचा गुण आला नव्हता त्यांना नंतर मानसोपचार देण्यात आला, आणि ज्यांना मानसोपचाराचा गुण आला नव्हता त्यांना औषध. अशा ‘हरलेल्या’ रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्णांना दुसऱ्या उपचाराने गुण आला. आणखी एक बाब दिसून आली. ज्यांचे बालपण आईवडिलांच्या अकाली मृत्यूने, छळाने वा दुर्लक्षाने होरपळले होते, त्यांना एकट्या औषधापेक्षा एकट्या मानसोपचाराचा लाभ अधिक झाला.

हा अभ्यास म्हणजे अंतिम शब्द नव्हे. त्यात वापरलेले औषध यकृताला होणाऱ्या अपायामुळे पुढे अनेक देशांत मागे घेण्यात आले, आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात औषधाला मानसोपचाराची जोड देऊनही असा ठळक फरक दिसला नाही. तरीही एक गोष्ट त्याने निर्विवादपणे दाखवून दिली आहे : एका उपचाराचे अपयश म्हणजे रुग्णाचे अपयश नव्हे. पहिला उपचार फसल्यावर ज्यांना आपण घरात ‘कायमचे’ म्हणून बाजूला सारतो, त्यांतील कित्येकांची गाठ त्यांच्या उपचाराशी अजून पडलेलीच नसते.

चुकीचा उपचार केवळ निरुपयोगी ठरतो असेही नाही. तो दुखणे वाढवूही शकतो. याचे उदाहरण आपल्या कॅथलिक घरांना चांगले परिचित आहे. पापनिवेदन करून आलेली एखादी मुलगी घरी पोचते तोच तिला शंका येते : सारे सांगितले ना? नीट सांगितले ना? पश्चात्ताप पुरेसा होता ना? ती पुन्हा फादरांकडे जाते. ते प्रेमाने समजूत घालतात, पापक्षमा देतात. तिला तासभर, फार तर दिवसभर शांतता लाभते आणि शंका दुप्पट जोराने परतते. घरची माणसे याला धार्मिकता समजतात. वास्तविक पुष्कळदा हा मंत्रचळाचाच एक प्रकार असतो. कोणी हात धुऊन धुऊन कातडी सोलून घेतो, कोणी कडी लावली की नाही ते वीस वेळा पाहतो. तसेच येथे आत्मा धुण्याचे चालते. अशा रुग्णाला दर वेळी ‘काळजी करू नकोस, तू पाप केलेले नाहीस’ असा दिलासा देणारा श्रोता, मग तो धर्मगुरू असो, आई असो वा भाबडा समुपदेशक, नकळत त्या दुखण्यालाच खतपाणी घालत असतो. भूतकाळ उकरून काढणाऱ्या गप्पांनीही येथे भागत नाही. या विकारावरचा प्रभावी मानसोपचार वेगळा आहे. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली त्याचा पाया घातला. रुग्णाने भीती वाटणाऱ्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरे जायचे आणि भीती शमवणारी कृती करायची नाही, हे त्याचे सूत्र. शंका येऊ द्यायची, तिला उत्तर द्यायचे नाही, आणि ती आपोआप ओसरते हा अनुभव पुन्हापुन्हा घ्यायचा.

संत इग्नेशियस लोयोला यांचे चरित्र ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सूत्र अगदीच अनोळखी वाटणार नाही. १५२२ साली मानरेसा येथे असताना त्यांना याच पापशंकांनी इतके ग्रासले होते की जीव देण्याचे विचार त्यांच्या मनात येत. त्यांनी पुन्हापुन्हा पापनिवेदन केले, तासन्‌तास प्रार्थना केली, आठवडाभर उपास केला. शंका हटल्या नाहीत. शेवटी, गतायुष्यातील पापे यापुढे पुन्हा कबूल करायची नाहीत, असा निश्चय त्यांनी केला आणि त्या छळातून ते मुक्त झाले. संतालासुद्धा ‘आणखी पापनिवेदन कर’ हा उपाय लागू पडला नाही; लागू पडला तो नेमका उलटा उपाय. मग आपल्या लेकीबाळींना आपण त्याच चक्रात का फिरवीत राहावे?

दुसरे उदाहरण आपल्या काळातले आहे. मार्शा लाइनहन ही कॅथलिक कुटुंबातील अमेरिकन मुलगी १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, मनोरुग्णालयात दाखल झाली. ती स्वतःला जखमा करून घेई. मरावे असे तिला सतत वाटे. तिला जबर औषधे देण्यात आली, विजेचे झटके देण्यात आले, एकांतकोठडीत ठेवण्यात आले. दोन वर्षांहून अधिक काळाने ती बाहेर पडली तेव्हा तिची अवस्था फारशी सुधारलेली नव्हती. पुढे शिकागोतील एका प्रार्थनालयात क्रुसासमोर गुडघे टेकलेले असताना तिला देवाच्या प्रीतीचा उत्कट अनुभव आला. आपल्यापैकी बरेच जण ही कथा येथेच संपवतील आणि साक्ष म्हणून व्यासपीठावरून सांगतील. तिने ती तेथे संपवली नाही. येशूसंघीयांच्या लोयोला विद्यापीठातून तिने १९७१ साली मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि स्वतःसारख्या रुग्णांना प्रचलित उपचार का लागू पडत नाहीत याचा शोध घेतला. केवळ ‘बदल, बदल’ म्हटले की हे रुग्ण दुखावतात, केवळ ‘तू आहेस तशी ठीक आहेस’ म्हटले तर त्यांच्या यातना तशाच राहतात, हे तिने ओळखले. स्वीकार आणि बदल या दोहोंची सांगड घालणारी ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ तिने घडवली. आठवड्याला एक वैयक्तिक भेट, भावना सांभाळण्याची कौशल्ये शिकवणारा गटाचा वर्ग, आणीबाणीच्या क्षणी दूरध्वनीवर मार्गदर्शन, आणि उपचारकांनाही आधार देणारी त्यांची बैठक, अशी तिची चौकट आहे. १९९१ साली तिची पहिली शास्त्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. आज ही पद्धत अनेक देशांत वापरली जाते. आपण स्वतः रुग्ण होतो हे डॉ. लाइनहन यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले. या मुलीला कोणी ‘सगळे करून पाहिले’ म्हणून सोडून दिले असते, तर तिच्या मागून आलेल्या किती रुग्णांचा मार्ग बंद झाला असता!

आता नाण्याची दुसरी बाजू. मानसोपचाराची थोरवी गाताना औषधाला कमी लेखणे हीदेखील तितकीच मोठी चूक आहे. स्किझोफ्रेनियात किंवा उन्माद आणि अवसाद यांच्या आलटून-पालटून येणाऱ्या विकारात औषध हा उपचाराचा पाया आहे. बोलण्याचे उपचार आणि कुटुंबाचे प्रशिक्षण त्यावर उभे राहतात, त्याच्या जागी नव्हेत. १९४९ साली ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी लिथियमचा गुण दाखवून दिल्यापासून उन्मादाच्या असंख्य रुग्णांना स्थिर आयुष्य लाभले. पण ते औषध अचानक थांबवले तर आजार उसळून येण्याचा धोका मोठा असतो. म्हणूनच प्रार्थनासभेच्या भारलेल्या वातावरणात ‘आजपासून गोळ्या बंद’ असे सांगणारा कोणी असेल, तर त्याला ठणकावून गप्प बसवणे हे प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य आहे. नैराश्याच्या औषधाचा पुरता गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात; आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या खिडकीतून भिरकावणे म्हणजे पेरणीच्या दुसऱ्या दिवशी विळा घेऊन शेतात जाणे होय.

प्रार्थनेचे काय, असे विचारले जाईल. प्रार्थना करावी, जरूर करावी. तिला उपचाराच्या विरोधात उभे करू नये, इतकेच म्हणणे आहे. बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय आपल्याच पवित्र शास्त्रात आहे. वैद्याचा मान राखावा, औषधे देवानेच भूमीतून उत्पन्न केली आहेत आणि शहाणा माणूस ती नाकारीत नाही, असे तो सांगतो. प्रार्थना करायला सांगतो आणि वैद्यालाही त्याची जागा द्यायला सांगतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथानेही, तीव्र मानसिक व्याधीमुळे आत्महत्या करणाऱ्याची जबाबदारी कमी होते, असे नमूद केले आहे. ज्या ख्रिस्तसभेने हे ओळखले, तिच्याच अंगणात ‘तुझी श्रद्धा कमी पडते’ हे वाक्य आजही ऐकू यावे, याचा अर्थ काय घ्यायचा?

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. निवड करायला चार पर्याय समोर असावे लागतात, आणि खिशात पैसे असावे लागतात. वाडीतल्या कुटुंबाला एक मनोविकारतज्ज्ञ गाठायलाच लोकलने तासभर प्रवास करावा लागतो. तेथे रांग मोठी आणि भेट पाच मिनिटांची. दर आठवड्याच्या मानसोपचाराची फी तर अनेकांच्या आवाक्याबाहेर असते. हे सारे मान्य. परंतु निवड म्हणजे महागड्या उपचारकांची यादी चाळणे नव्हे. निवडीची सुरुवात प्रश्न विचारण्यापासून होते, आणि प्रश्नाला फी पडत नाही. माझ्या मुलाला नेमके कोणते दुखणे आहे? आपण वापरता त्या पद्धतीचे नाव काय, आणि या दुखण्यावर ती का? आपले शिक्षण आणि नोंदणी कोणती? किती काळाने आपण मिळून आढावा घेऊ? तोवर फरक दिसला नाही तर पुढे काय करायचे? जाणता उपचारक या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो, त्याने तुमच्या निवडीचे काम अर्धे सोपे केले असे समजावे.

हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो हक्क आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. आजाराचे स्वरूप, योजलेला उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती मिळण्याचा, तसेच गोपनीयतेचा हक्क या कायद्याने रुग्णाला दिला आहे. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही वैद्यकीय विमा देण्याचे बंधन त्याने विमा कंपन्यांवर घातले आहे. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनीसेवा सुरू झाली असून तेथे मराठीतही बोलता येते. पुरेसे आहे असे नव्हे. पण सुरुवात करण्याइतके आहे.

निवड करताना आणखी एका टोकाला जाण्याचा मोह टाळला पाहिजे. दर महिन्याला डॉक्टर बदलणारी कुटुंबेही आपण पाहतो. मानसोपचारात रुग्ण आणि उपचारक यांच्यातील विश्वासाचा वाटा, पद्धत कोणतीही असली तरी, मोठा असतो; आणि तो विश्वास दोन भेटींत जमत नाही. उपचारात कधीकधी काही काळ अधिक जड वाटते, आणि तेही प्रगतीचे लक्षण असू शकते. म्हणून दोन-तीन महिने नेटाने जावे, न पटलेले उपचारकाच्या तोंडावर सांगावे, आणि त्यानंतरही काही हालत नसेल तर निःसंकोचपणे मार्ग बदलावा. न सांगता पळ काढणे आणि विचारपूर्वक बदल करणे यांत फार अंतर आहे.

धर्मग्रामाने यात काय करावे? संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी गरिबांच्या शस्त्रक्रियांना हातभार लावते. तिने एखाद्या रुग्णाच्या वर्षभराच्या मानसोपचाराची फी उचलली, तर ते दान कोणत्याही शस्त्रक्रियेइतकेच पुण्याचे ठरेल. आपल्यात परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, समाजकार्य शिकलेल्या सिस्टर आहेत. परिसरात कोणता उपचारक कोणत्या दुखण्यावर काम करतो, त्याची नोंदणी काय, फी काय, याची खातरजमा केलेली यादी त्यांना महिनाभरात करता येईल. पापशंकेने पछाडलेल्या व्यक्तीने एकाच धर्मगुरूंकडे जावे, आणि त्या धर्मगुरूंनी उपचारकाशी, रुग्णाच्या संमतीने व पापनिवेदनाचे गुपित अबाधित राखून, मेळ राखावा, एवढी व्यवस्था तर उद्यापासून होऊ शकते. लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत वर्षातून एकदा या विषयावर जाणकाराला बोलवायला कोणाची परवानगी लागते?

यांतले काहीही न करता ‘आम्ही प्रार्थना करतो हो’ एवढेच म्हणून पुढे जायचे असेल, तर निदान एक पथ्य तरी पाळू या. ज्याला गुण आला नाही त्याच्याविषयी ‘सगळे करून पाहिले’ असे म्हणण्यापूर्वी काय काय केले ते बोटांवर मोजावे. बहुतेक घरांत एकाच हाताची बोटेही पुरती लागणार नाहीत. आणि मग त्या मुलाला बाद करण्याऐवजी त्याच्यासाठी पुढचा उपचार शोधण्याचे काम आपल्यापुढे उरेल.